पिकअपवर फायबरचा टप : कापडवाल्याच्या नजरेने

डिसेंबर २०१७ मध्ये दत्त जयंतीच्या सुमारास आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेत माल लावून बसलो होतो. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर भरणारी ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी नावाजलेली आहे; पण कापड, भांडी, घोंगड्या यांचाही धंदा तेथे चांगला होतो. त्याच दिवसांत ओखी वादळ अरबी समुद्रातून सुरतेच्या दिशेने सरकले आणि ऐन हिवाळ्यात आमच्या डोक्यावर पाऊस आला. पिकअपवर ताडपत्री होती, दोऱ्या ताणून बांधलेल्या होत्या, रात्रभर आम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसून जागत होतो. सकाळी गाठी सोडल्या तर खालच्या थरातील साड्यांचा रंग एकमेकींना लागलेला. ताडपत्रीच्या खळग्यात साचलेले पाणी शिवणीतून थेंब थेंब उतरले होते. तो माल पुढे आम्ही चिंध्यांपेक्षा थोड्या बऱ्या भावाने काढला.

आठवडी बाजार करणाऱ्या बंधूंना हे नवे नाही. साक्री, पिंपळनेर, नवापूर, धडगाव अशी फेरी करायची तर माल गाडीत राहतो आणि मालाजवळ माणूसही राहतो. लॉजमध्ये झोपावे तर गाडीची काळजी, गाडीत झोपावे तर पाठ धरते. म्हणून घरी परतल्यावर आम्ही ठरवले की पिकअपच्या हौद्यावर असा बंद टप बसवायचा, ज्यात माल कोरडा राहील आणि रात्री एक माणूस आडवा होऊ शकेल. अमेरिकेत पिकअपवर अशी छोटी खोली बसवून लोक हिंडतात, तिला ते कॅम्पर म्हणतात. तिकडे बरेच जण तो घरच्या घरी फायबरमध्ये बनवतात. त्यांची ती हौस आहे. आम्हाला चूल, सिंक, पडदे यांतले काहीच नको होते.

पत्र्याचा टप बनवून देणारे गावोगाव आहेत. आम्ही फायबर का घेतले, ते कसे केले आणि कोठे चुकलो, हे येथे सविस्तर देत आहोत. वाचकांपैकी ज्यांना हे काम करावयाचे असेल त्यांचा पैसा तरी वाचेल.

आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी मेळ न बसणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. आमचे काम २०१८ चे. त्यानंतर गोष्टी अधिक कडक झाल्या. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेबाहेरचे बदल चालणार नाहीत असे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा मापे, अंदाजे वजन आणि हाताने काढलेला का होईना पण एक नकाशा घेऊन आधी आरटीओत जावे, लेखी उत्तर घ्यावे, विमा कंपनीलाही लेखी कळवावे. आम्हाला या खिडकीवरून त्या खिडकीवर जाण्यात सव्वा महिना लागला. तेवढ्या वेळात आम्ही सामानाची माहिती काढली, म्हणून तो वेळ अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही.

आणखी एक. टपात झोपायचे ते गाडी उभी असताना. चालत्या मालवाहू गाडीत मागे माणूस बसवणे हा वेगळा गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही.

काचेचे कापड

फायबर म्हणजे प्लॅस्टिकचा एक प्रकार, असे आम्ही वर्षानुवर्षे समजत होतो. रत्नागिरीकडे मासेमारीच्या फायबर होड्या बनवणारा एक कारागीर ओळखीतून भेटला. त्याच्याकडे दोन दिवस बसलो तेव्हा आमचा गैरसमज दूर झाला. त्याने आमच्यासमोर जे गुंडाळे उलगडले ते सरळ सरळ कापडाचे तागे होते!

वितळलेली काच बारीक छिद्रांतून वेगाने ओढली की केसापेक्षा कितीतरी बारीक धागा निघतो. हा धागा कारखान्यात मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात बसली, आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी त्याच धंद्यासाठी उभी राहिली. पुढे १९५३ मध्ये कॉर्व्हेट मोटारीची बॉडी या मालाची निघाली. आपल्याकडे बंगळूरची डॉल्फिन मोटार ज्यांना आठवत असेल, तिचीही बॉडी फायबरचीच होती.

बाजारात हा माल मुख्यतः दोन रूपांत मिळतो. एक मॅट. यात काचेचे दोन-दोन इंच लांबीचे तुकडे वाटेल तसे पसरून चिकटवलेले असतात. कापडवाल्याला सांगायचे तर हा नमदा झाला. यात ताणा नाही, बाणा नाही, त्यामुळे जोर सगळीकडे सारखा, पण बेताचा. दुसरे विणलेले रोव्हिंग. हे चक्क साध्या विणीचे जाड कापड आहे, उभे आणि आडवे जाड पट्टे. उभ्या-आडव्या दिशेने त्याचा जोर मोठा, तिरक्या दिशेने कमी. आम्ही ते हातात घेऊन कर्णाच्या दिशेने ओढले तर गाढ्यासारखे सरकले. कारागीर हसला आणि म्हणाला की तुम्हाला शिकवायला फार वेळ लागणार नाही.

मॅटमधले तुकडे ज्या चिकटीने धरलेले असतात ती म्हणजे आपली खळच समजा. फरक एवढाच की सायझिंगची खळ पाण्यात सुटते आणि ही रेझिनमध्ये असलेल्या स्टायरिनमध्ये सुटते. म्हणून रेझिन लावल्यावर मॅट दोन-तीन मिनिटांत लोळागोळा होते आणि कोपऱ्यात हवी तशी बसते. तेवढी वाट न पाहता ब्रशने दाबाल तर तुकडे उपटून ब्रशलाच चिकटतील. आमच्या पहिल्या दिवसाची अर्धी मॅट ब्रशवर गेली.

दोन्ही माल जीएसएमवर विकला जातो, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, यावर. मॅट ३०० आणि ४५० ची, रोव्हिंग ३६० आणि ६०० चे सहज मिळते. यात व्यापाऱ्याला फसवणे कठीण आहे. एक मीटर कापून काट्यावर टाका. आमच्या मालात एक गुंडाळी ४५० सांगून दिलेली, काट्यावर ३८० भरली. ती आम्ही परत केली.

मजबुती धाग्याची असते. रेझिन ही धाग्यांना जागेवर धरून ठेवणारी खळ आहे. नवशिका माणूस जास्त रेझिन ओततो, कारण वरून चकचकीत दिसते. असा तुकडा जड होतो आणि आपटला की काचेसारखा तडकतो. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन पुरते, रोव्हिंगला त्याच्या वजनाइतकेच. आमचे सगळे गणित यावर उभे होते.

वजनाचा हिशेब

आमच्या पिकअपचा हौदा ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. फळ्यांच्या वर साडेतीन फुटांचा टप धरला तर दोन बाजू, पुढची भिंत, मागचे दार आणि छत मिळून सुमारे १५० चौरस फूट, म्हणजे १४ चौरस मीटर होतात. थर असे ठरवले : बाहेरून आधी जेलकोट म्हणजे रंगाचा जाड थर, मग ४५० ची मॅट, मग ६०० चे रोव्हिंग, शेवटी पुन्हा ४५० ची मॅट. रोव्हिंग दोन मॅटच्या मध्ये ठेवायचे, कारण ते थेट रंगाखाली टाकले तर त्याची वीण बाहेरून उमटते, आणि रोव्हिंगवर रोव्हिंग टाकले तर दोन्ही थर एकमेकांना नीट धरत नाहीत.

एका चौरस मीटरला काच दीड किलो. दोन्ही मॅटना रेझिन सुमारे दोन किलो, रोव्हिंगला ६०० ग्रॅम, जेलकोट अर्धा किलो. एकूण ४ किलो ६०० ग्रॅम. चौदाने गुणले तर ६५ किलोच्या आत. जाडी साधारण तीन मिलिमीटर भरते. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला जवळजवळ आठ किलो असते, म्हणजे तेवढ्याच टपाला ११० किलो पत्रा, आणि त्याखाली अँगलचा सांगाडा वेगळा. फायबरच्या टपाला बरगड्या, दार, बिजागऱ्या, बोल्ट धरून आमचे वजन ९५ किलो भरले. हे वजन गाडीच्या परवानगीच्या भारातून वजा करावे लागते, हे विसरू नये. भावांचे आकडे आम्ही मुद्दाम देत नाही. रेझिनचा भाव कच्च्या तेलाबरोबर हलतो. वरील वजनात दहावा हिस्सा नासधूस धरून चालू भावाने गुणावे, म्हणजे आपला खर्च आपल्याला कळेल.

साचा

एकाच टपासाठी महागडा साचा परवडत नाही. कारागिराने सांगितलेली युक्ती सोपी होती. प्लायवूडची उलटी पेटी करावी, आतून सनमायका लावावा, आणि त्या पेटीच्या आत टप घडवावा. सनमायकाची चकाकी जशीच्या तशी टपाच्या बाहेरच्या अंगावर उतरते. पेटी उलटी असल्याने छत तळाशी येते. छताला मध्यभागी दोन इंचांचा बाक द्यावा, नाहीतर ताडपत्रीसारखेच पाणी साचेल. आम्ही तळाचा सनमायका खाली वाकवून तो दिला. आतले कोपरे काटकोनात ठेवू नयेत. काचेचा धागा ताठ असतो, काटकोनात बसत नाही आणि तेथे हवा राहते. आम्ही कोपऱ्यांत मेण-माती भरून बाटलीच्या बुडाने ती गोल केली. पेटीच्या चारही भिंती स्क्रूने जोडलेल्या ठेवाव्यात, म्हणजे शेवटी भिंती सोडून साचा काढता येतो. ठोकून काढायचा साचा आम्ही दुसऱ्या एकाकडे पाहिला आहे. त्यात टपही फुटला आणि साचाही.

साच्याला मेणाचे पॉलिश पाच-सहा वेळा द्यावे, प्रत्येक वेळी वाळू देऊन पुसावे, वर साचा सुटण्यासाठी मिळणारे पातळ द्रावण फिरवावे. येथे आळस केला तर पुढची सगळी मेहनत साच्याला चिकटून बसेल.

रेझिनची शिस्त

या भागात आम्ही जरा खडसावून लिहितो, त्याबद्दल वाचकांनी रागावू नये.

रेझिन आपोआप घट्ट होत नाही. त्यात दोन वस्तू पडतात : जांभळा कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. कोबाल्ट आधी सगळ्या रेझिनमध्ये ढवळून घ्यावा. बरेच दुकानदार तो घालूनच देतात, ते विचारून घ्यावे. हार्डनर शेवटी, लागेल तेवढ्याच रेझिनमध्ये, किलोला १० ते २० ग्रॅम, काट्यावर मोजून. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या कपाटांत आणि ज्याच्या त्याच्या हातात न पडतील अशा ठेवाव्यात. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चष्मा घालावा, पाण्याची बादली जवळ असावी, आणि थेंब गेलाच तर आधी भरपूर पाण्याने डोळा धुवावा, मग डॉक्टरकडे धावावे.

आम्ही काम मार्चमध्ये केले. मालेगावच्या उन्हात दुपारी हार्डनर घातलेले रेझिन डब्यातच उकळू लागले आणि दगड झाले. त्यानंतर पहाटे सहा ते नऊ हीच वेळ ठेवली, हार्डनर किलोला दहा ग्रॅमवर आणला, आणि एका वेळी दोन किलोच्या वर रेझिन कालवले नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नये. मॅटने ओल धरली की रेझिन नीट पकडत नाही.

रेझिनचा उग्र वास स्टायरिनचा. त्याची वाफ पेट घेते आणि हवेपेक्षा जड असते. आमचा साचा साडेतीन फूट खोल, आणि आमचा भाचा त्यात उतरून तळाला रेझिन लावत होता. वीस मिनिटांत त्याला चक्कर आली. वाफ खाली साचली होती, आणि आम्ही वर उभे होतो म्हणून आम्हाला वासही फारसा जाणवला नव्हता. त्याला उचलून बाहेर काढले, मोकळ्या हवेत बसवले, तासाभराने तो सावरला. त्या दिवशी काम बंद ठेवले. दुसऱ्या दिवसापासून साच्याची पुढची आणि मागची भिंत काढून ठेवली, बाहेर लांबवर पंखा लावला, कोळशाच्या डब्यांचे मास्क आणले. आणि जी बाजू करायची ती जमिनीला समांतर येईल असा साचा कलता केला. याचा दुसराही फायदा झाला. उभ्या भिंतीवर रेझिन ओघळून खाली उतरते, वरचा भाग कोरडा राहतो. आडव्या भिंतीवर तसे होत नाही. विडी, सिगारेट, वेल्डिंग यांपैकी काहीही त्या आवारात नको, हे वेगळे सांगावे लागू नये, पण सांगतो.

थर देताना

जेलकोट दोन हातांत द्यावा. तो बोटाला चिकटतो पण बोटावर उतरत नाही, अशा वेळी पहिली मॅट टाकावी. आमच्या एका कोपऱ्यात जेलकोट पातळ लागला होता. वरच्या रेझिनने तो खाल्ला आणि मगरीच्या पाठीसारख्या सुरकुत्या आल्या. तो कोपरा आजही गाडीच्या डाव्या बाजूला पाहायला मिळेल.

मॅट आणि रोव्हिंग रेझिन कालवण्यापूर्वीच कापून ठेवावे, शिंप्याच्या कटिंगसारखे, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकून. हार्डनर पडल्यावर कात्री शोधायला सवड नसते. मॅटच्या कडा कात्रीने सरळ न कापता हाताने फाडाव्यात. फाटलेल्या कडेचे तंतू शेजारच्या तुकड्यात मिसळतात आणि जोड उंचवट्यासारखा दिसत नाही. जोड दोन इंच चढवावा आणि एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडावर येऊ देऊ नये. प्रत्येक थरावर धातूचा चरे असलेला रोलर फिरवून हवा काढावी. पांढरा ठिपका दिसला की तेथे हवा आहे असे समजावे. सगळे थर एका दमात टाकू नयेत. जाड थर आतून तापतो आणि वाकतो.

तीन मिलिमीटरचे सपाट छत डफासारखे वाजते. त्याला बरगड्या हव्यात. येथे आपल्या धंद्यातली एक टाकाऊ वस्तू कामी आली. कापडाच्या ताग्यांमधून निघणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या आम्ही उभ्या चिरल्या, दीड-दीड फुटावर आतल्या बाजूने पालथ्या ठेवल्या आणि त्यांवर मॅटचे दोन थर दिले. आतला पुठ्ठा फक्त आकारापुरता. कमान तयार झाली की ताकद तिची. हे काम टप साच्यात असतानाच करावे, नाहीतर बाहेर काढल्यावर छत वेडेवाकडे होते. नंतर तीन दिवस साच्यातच राहू द्यावे.

थर्माकोलची फजिती

उन्हाळ्यात टप तापू नये म्हणून छताच्या आत थर्माकोल घालून वरून फायबरचा एक पातळ थर द्यावा, ही आमची स्वतःची अक्कल. कारागिराला विचारले नाही. थर्माकोलवर रेझिन पडताच तो डोळ्यांदेखत विरघळून चिकट चिखल झाला. थर्माकोल हा स्टायरिनचाच पदार्थ, आणि रेझिनमधले स्टायरिन त्याला खाते, हे आम्हाला नंतर समजले. तो चिखल खरवडण्यात दोन दिवस गेले. पुढे पीयू फोमच्या शीट आणल्या, त्यांना काही झाले नाही. रंगही पांढराच ठेवला, कारण पांढरा टप कमी तापतो.

बसवणे आणि आतली व्यवस्था

टपाची खालची कड हौद्याच्या फळ्यांवरून बाहेर दोन इंच उतरावी, डब्यावर झाकण बसते तशी. आत बसवली तर ओघळणारे पाणी नेमके हौद्यात येईल. मध्ये रबराची पट्टी, आणि आठ ठिकाणी रुंद वॉशर घालून बोल्ट. बोल्टच्या जागी मॅटचे तीन जादा थर आधीच देऊन ठेवावेत. मागे फाळक्याच्या वर उघडणारे दार, त्याला आतूनही उघडता येईल अशी कडी. आतून न उघडणाऱ्या पेटीत माणसाला झोपवू नये. समोरासमोर दोन जाळीच्या झडपा, त्या रात्री बंद करायच्या नाहीत.

फायबर पेटले तर काळा दाट धूर होतो. म्हणून टपात स्टोव्ह नाही, मच्छर अगरबत्ती नाही, मेणबत्ती नाही. बॅटरीवरून फ्यूज घालून एक छोटा एलईडी दिवा घेतला, तेवढा पुरतो. गाठी खाली, त्यांवर घडीची फळी, फळीवर अंथरूण. जड माल खाली राहिला की घाटात गाडी झुलत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. रात्रभर माणसाच्या श्वासाची वाफ थंड भिंतीवर जमते आणि पहाटे थेंब उतरतात. बाहेरचे पाणी अडवले आणि आतलेच पाणी साड्यांना लागले! भिंतीपासून दीड इंच सोडून लाकडी पट्ट्या मारल्या, गाठी भिंतीला टेकू दिल्या नाहीत, आणि झडपा खरोखरच उघड्या ठेवू लागलो, तेव्हा तो त्रास थांबला.

वास

सर्वांत महागात पडलेली चूक ही. टप तयार झाला, चकचकीत दिसला, आणि आठव्या दिवशी आम्ही त्यात साड्या भरून फेरीवर निघालो. साक्रीच्या बाजारात एका बाईने साडी उलगडली, नाकाला लावली आणि परत ठेवली. दुसरीनेही तेच केले. बंद टपात रेझिनमध्ये उरलेले स्टायरिन बाहेर पडत होते आणि सुती माल ते पीत होता. आम्हाला त्या वासाची सवय झाली होती, म्हणून आमचे नाक सांगत नव्हते. त्या फेरीत विक्री जवळजवळ झाली नाही. माल घरी आणून आठवडाभर दोऱ्यांवर टाकून वारा दिला, तेव्हा कोठे वास गेला.

नवा टप चार आठवडे तरी दारे-झडपा उघडून उन्हात ठेवावा. मग एक परीक्षा घ्यावी. धुतलेल्या मलमलीचा वार-दोन वार तुकडा घडी करून टपात ठेवावा, रात्रभर सगळे बंद करावे, आणि सकाळी तो तुकडा घरातल्या अशा माणसाच्या हातात द्यावा ज्याने फायबरचे काम केलेले नाही. आम्ही घरच्या बायकांना दिला. त्यांनी दोनदा नापास केला, तिसऱ्यांदा पास. त्यानंतरच आम्ही माल भरला.

दुरुस्ती

धडगावच्या रस्त्यावर २०२१ मध्ये एका झुकलेल्या फांदीने टपाचा पुढचा कोपरा फोडला, हाताच्या पंजाएवढा. पत्रा असता तर ठोकून सरळ केला असता. फायबर ठोकता येत नाही, पण त्याला ठिगळ लावता येते. भोकाच्या कडा बाहेरच्या अंगाने कानशीने घासून दोन-अडीच इंचांपर्यंत उतरत्या कराव्यात. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. काचेची भुकटी अंगाला फार खाजते. आतून पुठ्ठ्याला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून टेकू द्यावा, बाहेरून लहान मॅट, त्यावर मोठी, त्यावर आणखी मोठी अशी तीन ठिगळे रेझिनने बसवावीत, आणि वाळल्यावर घासून जेलकोट द्यावा. आम्ही गाडीत अर्धा किलो रेझिन, मीटरभर मॅट आणि एक ब्रश ठेवतो, हार्डनरची छोटी बाटली ड्रायव्हरच्या बाजूला वेगळी. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला दोन तासांत ठिगळ वाळले आणि संध्याकाळी पाऊस आला तेव्हा गाठी कोरड्या होत्या. जेलकोटचा पांढरा रंग मात्र मूळ पांढऱ्याशी जुळला नाही. लांबून पाहिले तर सदऱ्याला लावलेल्या ठिगळासारखा तो चौकोन अजून दिसतो.